दगडातली रिकामी भेग

९ फेब्रुवारी, सोमवार
टँकर उशिरा आला. शेलूबाजारजवळ हायवेवर जाम होता. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात विरघळवून पुन्हा खाली सोडला, पार खोल काळ्या दगडात. गेजवर दाब चढलेला. साइटचे प्रमुख बोरकर साहेब म्हणाले, होतं असं.
आमच्या साइटच्या कुंपणाला लागूनच माझ्या भावाचं शेत, शेतातच घर. नोकरी लागली तेव्हा त्याला सांगितलं होतं की आम्ही धुराचा दगड करतो. "दगडाची काय कमी आहे आपल्याकडं?" म्हणून हसला होता.

१२ फेब्रु.
नव्या बोअरमधून कापून काढलेल्या दगडाच्या कांड्या आल्या. खालच्या दगडाला मुळात भोकंच भोकं. आता बहुतेक पांढऱ्या कॅल्साइटनं बुजलेली. साहेबांनी पेढे मागवले. बरोबरच आहे. वायूनं पाणी आंबट होतं, ते पाणी दगड खातं, दगडातलं कॅल्शियम सुटतं आणि पुढं जाऊन वायूलाच धरून पांढरा दगड होतं. यासाठीच तर सगळा खटाटोप.
पण भोकं बुजली तर मागून येणारं पाणी जाईल कुठं? विचारलं. "बाजूला भरपूर जागा आहे, मॅडम." पेढा घेतला नाही.

१३ फेब्रु.
वरच्या थरातल्या कांड्या पाहिल्या. एक उभी भेग. वायू सोडण्याआधीच्या जुन्या बोअरच्या कांडीत हीच भेग पांढऱ्यानं गच्च भरलेली आहे, निसर्गानंच बुजवलेली. नव्या कांडीत रिकामी. बोट फिरवलं. आत खडबडीत, कुरतडल्यासारखी.
म्हणजे खाली भोकं बुजतायत आणि वाट न मिळालेलं आंबट पाणी वर चढून जुनी बुजलेली भेग उघडतंय. दोन्ही त्याच पाण्याचं काम. खाली वाट बंद, वर वाट मोकळी.
ही भेग वर कुठवर जाते? नकाशात नाही. कोणालाच माहीत नाही.

१७ फेब्रु., मंगळवार
वहिनी डबा द्यायला आली होती. सहज बोलली, विहिरीचं पाणी काही दिवसांपासून वेगळंच लागतं. "सोड्यावानी. पोट्टे तं खुशीनं पिऊन राह्यले."
मी डबा झाकून ठेवला. तिच्यासोबतच जाऊन नमुना आणला. पाणी आंबट झालंय. लोह वाढलंय, कॅल्शियमही. पुन्हा तपासलं. तेच.
वहिनीला फोन करून म्हटलं, प्यायचं पाणी गावातल्या नळाचं आणा. काहून, म्हणाली. तपासून राहिले, म्हटलं. खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

१८ फेब्रु.
साहेबांना सगळं दाखवलं, कांडी आणि पाणी दोन्ही. त्यांनी कांडी हातात घेऊन फिरवून पाहिली. मग म्हणाले, विहिरीत पालापाचोळा कुजला तरी असं होतं. तेही खरं आहे. पाण्यातला कार्बन टँकरमधला की मातीतला, हे ओळखायची चाचणी पुण्याला होते. नमुना पाठवला. तोवर पंप चालू ठेवायचा आणि गावात एक शब्द काढायचा नाही, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं, मी मान हलवली.


२२ फेब्रु., रविवार
 जमेल तसं लिहिते.
सकाळी वहिनीचा फोन, जेवायला ये म्हणून. बोलता बोलता म्हणाली, मोटर पाणी उचलत नाही, भाऊ विहिरीत उतरून राहिले गाळ काढायला. मी ओरडले, थांबव त्याला. तिला वाटलं, मी गंमत करते.
स्कूटी कशी चालवली आठवत नाही. पोचले तर भाऊच्या कमरेला दोर बांधलेला, शेजारचे महादूकाका वरून दोर धरून उभे, आणि भाऊचा एक पाय आतल्या पायरीवर. मी त्याचा दंडच धरला. खाली वाकून पाहिलं. विहिरीतली कबुतरं पाण्यावर तरंगत होती, पंख पसरून.
काका म्हणाले, कंदील सोडून पाहू. दोराला कंदील बांधून सोडला. अर्ध्यावर गेला आणि विझला. वारा असेल म्हणून पुन्हा पेटवून सोडला. तिथंच विझला. हा वायू हवेहून जड, विहिरीत साचला की श्वास कोंडतो; दिसत नाही, वास नाही. भाऊ दोन पायऱ्या आणखी उतरला असता तर...
भाऊनं कमरेचा दोर सोडला. गुंडाळून ठेवला. मग हळूच विचारलं, "हे तुमच्या गॅसचं आहे का, सुमे?"
"माहीत नाही, भाऊ."
"तुले माहीत नाही, मंग कोनाले माहीत राह्यते?"
वहिनी पोरांना जवळ घेऊन दारात उभी होती. जेवण कोणीच केलं नाही.

२३ फेब्रु.
सकाळी सरपंचांकडे गेले. कांडी, पाणी, कंदील, सगळं सांगितलं. पुण्याचा निकाल यायचाय हेही सांगितलं. दुपारपर्यंत दवंडीची गरज उरली नाही. कोणी विहिरीत उतरायचं नाही, हे सगळ्यांना कळलं.
साहेब चिडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. स्वतः जाऊन पंप बंद केला आणि खुर्चीत बसून राहिले. "उद्यापासून येऊ नका," म्हणाले. मग गेटपर्यंत सोडायला आले आणि विचारलं, भाऊ कसे आहेत.

६ मार्च
पुण्याचा निकाल आला. साहेबांनीच फोनवर वाचून दाखवला. दोन्हीकडचा कार्बन असू शकतो, नमुना पुन्हा पाठवा. बस, एवढंच.
संध्याकाळी भाऊकडे गेले. विहिरीला काटेरी कुंपण घातलंय. त्याला निकाल सांगितला. "पंप बंद झाला ना? मंग झालं." मी म्हटलं, खाली गेलेल्या पाण्याला पंप बंद झाल्याचं कळत नाही. ते दगड खातच राहणार, अंगातला आंबटपणा संपेपर्यंत. कधी संपेल, कोणी मोजलेलं नाही. 
मग म्हणाला, "उन्हायात पोट्टे अंगनात झोपतात. झोपू द्यायचे का?"
घर विहिरीच्या खालच्या उतारावर. विहिरीबाहेर आला तर जड वायू उताराकडं वाहतो. मी म्हटलं, यंदा गच्चीवर झोपा.
तो गच्चीकडं पाहत राहिला. जिन्याला कठडा नाही. उद्या कठड्याला लाकडी बल्ल्या बांधून घेतो, म्हणाला.