अॅनाटॉमी झाली की निघतोच

बोलोन्या, इटली, १ ऑक्टोबर १९७३

नवी वही, नवं आयुष्य. वैद्यकीचं हे माझं पाचवं वर्ष; वर्गाने म्हणाल तर दुसरं. आता बस्स. डिसेंबरात अॅनाटॉमी, उन्हाळ्यापर्यंत बाकीचे पेपर, आणि मग थेट ग्रीसला. वोलोसला बाबांच्या खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात नव्हे, अथेन्सला. सहा वर्षं कर्नल लोकांनी देश बुटाखाली धरलाय, तो सोडवायला. क्रांतीला डॉक्टर लागतोच. जखमी कोण बघणार?

संकल्प: रोज सहाला उठणे, सिगरेट बंद, मेल्पोला मनातलं सांगणे.

आज उठलो साडेदहाला. सिगरेट ओढली ती आर्गिरिसची होती, त्यामुळे संकल्प मोडला असं म्हणता येत नाही.

५ ऑक्टोबर

आर्गिरिस म्हणजे माझा रूममेट. कावालाचा, इंजिनिअरिंगला. मसूर शिजवतो, मोजे रफू करतो, बोलत नाही. राजकारणात अगदीच कच्चा. काल त्याला हुकूमशाहीचं अर्थशास्त्र मुळापासून समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पांदेलिस, तुझ्या मागे गॅस चालू आहे, तेवढा बंद कर रे.

असल्यांच्या जिवावर क्रांती होत नसते.

१४ ऑक्टोबर, रविवार

सायकलच्या दुकानामागच्या तळघरात ग्रीक विद्यार्थ्यांच्या कमिटीची बैठक. अध्यक्ष मेल्पो. यानिनाची आहे, बोलते तेव्हा टेबलावरचे कपसुद्धा गप्प बसतात. माझं भाषण लांबलं. ती म्हणाली, पांदेलिसने आता मुद्द्यावर यावं. म्हणजे माझ्याकडे मुद्दा आहे हे तिला मान्य आहे.

माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. लाजते. आर्गिरिसला मात्र चारचौघांत विचारलं, सर्दी गेली का? जिथे काही नसतं तिथेच माणूस असं मोकळेपणी विचारतो.

४ नोव्हेंबर

मेल्पोने आर्गिरिसला राखाडी स्वेटर विणून दिला. सरावाचा असावा. पहिला स्वेटर कुणीही महत्त्वाच्या माणसाला देत नाही, बाह्या चुकतात. त्याची-माझी उंची सारखीच आहे, माप घेतलं गेलंय एवढं नक्की.

अॅनाटॉमी उद्यापासून.

१८ नोव्हेंबर

अथेन्सच्या पॉलिटेक्निकमध्ये रणगाडा घुसला. आत पोरं होती. फाटक पाडून घुसला. खाणावळीत कुणी घास तोंडात घातला नाही, ताटं तशीच परत गेली. आम्ही कमानींखालून चौकापर्यंत मोर्चा नेला. माझा आवाज सगळ्यात मोठा होता, आता पूर्ण बसलाय. परत आलो तेव्हा आर्गिरिस जिन्यावर बसला होता, बूट हातात धरून, नुसता. मी शेजारी बसलो.

मग मी रडलो. हे खोडायचं आहे.

२ डिसेंबर, रविवार

पेट्रोल वाचवायचं म्हणून सरकारने आजपासून रविवारी गाड्या बंद केल्यात. अख्खं शहर सायकलवर. एक जाडजूड वकील रोलर स्केटवर चालला होता. अशा गमतीच्या दिवशी माझ्या आयुष्याचा सर्वांत मोठा क्षण यावा!

बैठकीत मेल्पोने सांगितलं की काही कागद ग्रीसमध्ये सालोनिकाला एका दातांच्या डॉक्टरकडे पोचवायचे आहेत. साबणाच्या डबीत मावतील एवढेच. नाताळच्या गर्दीत पोरं घरी जातात, संशय कमी येतो. कोण जाईल? तळघरात सगळे आपापल्या नखांकडे बघायला लागले.

मी उभा राहिलो. म्हणालो, मी जातो.

मेल्पोने माझ्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत. टाळ्या झाल्या. कुणीतरी पाठ थोपटली, अजून दुखतेय. असा आनंद आयुष्यात झाला नव्हता.

९ डिसेंबर

ब्रिंदिसीची गाडी सतराला, तिथून ग्रीसची बोट. अॅनाटॉमीची तोंडी एकोणीसला. नियती किती क्रूर असते! एकीकडे मातृभूमी, दुसरीकडे तिच्याच जखमा शिवण्याची विद्या. अर्धवट डॉक्टर हा क्रांतीवर बोजाच. कमिटीने तारीख ठरवताना विद्यापीठाचं वेळापत्रक पाहायला हवं होतं. शिस्त नाही, म्हणून तर आपण मागे.

अर्थात, जाणारच आहे.

१४ डिसेंबर

अंथरुणाला खिळलोय. ताप. ३७.२ सेल्सिअस. बहुधा टायफॉइड.

घरमालकीण सिन्योरा एर्सिलिया रस्सा घेऊन आली आणि थर्मामीटर खिडकीशी नेऊन बघितला. म्हणाली, एवढा ताप मला तुमचा जिना चढले की येतो. पोरा, तुला ताप नाही आला, तुला भीती आलीये. त्यात लाजण्यासारखं काय? माझा नवराही युद्धात तीन महिने पोटमाळ्यावर लपला होता, म्हणून तर नंतर वीस वर्षं माझं डोकं खायला उरला.

अडाणी बाई. वैद्यकीतलं ओ की ठो कळत नाही.

आर्गिरिसला म्हणालो की टायफॉइड असेल तर बोटीवरच्या सगळ्यांना होईल, हे काही बरं नाही. तो मसूर ढवळत होता. ढवळताढवळताच म्हणाला, मी जातो. तसंही आईला भेटून दोन वर्षं झाली.

मी कडाडून विरोध केला. तीनदा. तिसऱ्यांदा घसा दुखत असल्यामुळे जरा हळू.

१७ डिसेंबर

आर्गिरिस गेला. मला ताप म्हणून स्टेशनवर मेल्पोच गेली. खिडकीतून पाहिलं. खाली फाटकाशी तिने त्याची कॉलर सारखी केली आणि तशीच हात ठेवून उभी राहिली. बराच वेळ. धुकं होतं, तरी दिसत होतं. सहकाऱ्याला निरोप कसा द्यावा हे तिच्याकडून शिकावं.

जाताना तो मला म्हणाला, नीट खा, पुस्तक उघड, सहा जानेवारीनंतर येतोच.

त्याच्या खाटेवरची चादर अशी घडी घातलेली आहे की मोडवत नाही.

१९ डिसेंबर

ताप पूर्ण उतरला. परीक्षकांनी हातात एक हाड दिलं आणि विचारलं, डावं की उजवं? मी म्हणालो, ते बघणारा कुठे उभा आहे त्यावर आहे. ते म्हणाले, तुम्ही फेब्रुवारीत येऊन उभे राहा.

विचार करणाऱ्या माणसाला इथे किंमत नाही.

१२ जानेवारी १९७४

आर्गिरिस अजून आला नाही. आईच्या हातचं खात लोळत असणार. साधं एक कार्ड नाही. बेजबाबदारपणा.

मेल्पो विचारायला आली, काही कळलं का? मी कॉफी केली. कोट न काढता ती त्याच्या खाटेवर बसली. हाच तो क्षण असं वाटून मी सुरुवात केली की मेल्पो, माणसाच्या मनात काही गोष्टी असतात. ती म्हणाली, पांदेलिस, जरा वेळ गप्प बसशील?

बसलो. दोघंही बसलो, अंधार पडेपर्यंत. एवढी जवळीक आमच्यात याआधी कधी नव्हती.

२३ जानेवारी

त्याला पकडलं. सालोनिकात, त्या डॉक्टरच्या दारातच. डॉक्टरलाही.

मी सगळ्यांना धीर दिला. महिन्याभरात सोडतील. ज्याला साधा वाद घालता येत नाही त्याच्याकडून त्यांना काय मिळणार? उलट मी सापडलो असतो तर माझ्या भाषणांमुळे प्रकरण चिघळलं असतं. तेव्हा संघटनेच्या दृष्टीने पाहिलं तर झालं ते एका अर्थी बरंच. मेल्पोलाही हे समजावलं.

ती म्हणाली, तू जाणार होतास ना?

म्हणालो, ताप होता.

किती होता?

एकोणचाळीस, म्हणालो.

तिने नुसती मान हलवली. मागच्या पानावर वेगळा आकडा आहे. तापात पारा नीट दिसला नसणार.

१५ फेब्रुवारी

तोंडीला गेलो नाही. मित्र कोठडीत असताना हाडं कसली पाठ करायची? कुणाचंही असंच झालं असतं. सिन्योरा त्याच्या खाटेखाली झाडते आणि सगळं होतं तिथे परत ठेवते, चपलासुद्धा.

१२ मार्च

आर्गिरिस गेला.

सरकारने घरी कळवलं, पोलिसांच्या इमारतीत जिन्यावरून पडला. मेल्पो सांगायला आली. दारातच उभी राहिली. सिन्योराने रेडिओ बंद केला, पायरीवर बसली आणि पदरासारखा अॅप्रन तोंडाला लावला. मेल्पो रडत नव्हती. मी विचारलं, ती इमारत किती मजली आहे? का विचारलं माहीत नाही. मेल्पो माझ्याकडे बघत राहिली, मग खाली निघून गेली.

१३ मार्च

मसूर शिजवले. करपले.

१३ मे

घटस्फोटाचा कायदा ठेवायचा की मोडायचा यावर इथे मतदान झालं. सिन्योराने ठेवा म्हणून मत दिलं. म्हणाली, माझा नवरा तर वर गेला, मला उपयोग नाही. पण दार असावं, जायचं नसलं तरी.

मी ठाम ठरवलंय. सालोनिकाला जाणार. त्या इमारतीसमोर उभा राहून सगळ्यांसमक्ष बोलणार. मग माझं काय व्हायचं ते होवो. भाषणाची पहिली ओळ तयार आहे.

सहा जूनला अॅनाटॉमी. ती झाली की निघतोच.

६ जून

बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आतून माझं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. उठायचंच होतं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, अहो, तुम्हीच का ते? मी म्हणालो, नाही.

आता ऑक्टोबर. घाईने काही साधत नाही.

२४ जुलै

कर्नल गेले! सायप्रसमध्ये तोंडघशी पडले आणि गेले. सकाळपासून कमानींखाली आमची पोरं गातायत, इटालियन लोक खिडकीतून बाटल्या खाली देतायत. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही. सगळे घरी चाललेत, हातात मिळेल ते घेऊन.

मेल्पो पहिल्याच गाडीला होती. बारीक झालीये. मला बघून दारातून म्हणाली, येतोस? बॅग आणायला जाऊ नकोस, असाच चढ.

मी म्हणालो, ऑक्टोबरात पेपर आहे. पुस्तकं पसरलीयत. सिन्योराला न सांगता कसं निघायचं?

ती म्हणाली, आता काही ताप नाही ना? टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. डॉक्टर विचारतात तसं विचारलं.

गाडी गेली. भाषणाची आता गरज उरली नाही. चांगलीच ओळ होती.

११ सप्टेंबर

आर्गिरिसची आई आली. स्मारोमावशी. पायापासून डोक्यापर्यंत काळ्यात, बोटीने आणि गाडीने, एकटी. आतापर्यंत पासपोर्टच देत नव्हते म्हणाली. मुलाच्या वस्तू न्यायला आली.

तिला इटालियन येत नाही, सिन्योराला ग्रीक येत नाही. दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या आणि एकमेकींना सगळं सांगितलं. सिन्योरा आपल्या भाषेत म्हणत होती, तुझं पोर गुणाचं होतं गं. मावशी मान हलवत होती.

मग मावशीने मला बसवून घेतलं. कुठे बसायचा? काय खायचा? दिवा कुठला लावायचा? अरे, त्याने कळवलं होतं तुझ्याबद्दल, पांदेलिस बोलतो फार पण मनाने चांगला आहे. खरं सांग, लाजू नकोस, त्याची कुणी होती का?

मी म्हणालो, होती. मेल्पो. फार चांगली मुलगी. तिने त्याला स्वेटर विणला होता.

सांगतासांगताच मला ते कळलं.

१२ सप्टेंबर

मावशी काल त्याच्या खाटेवर झोपली. सकाळी त्याचे शर्ट घडी करताना म्हणाली, नाताळात दोन आठवडे माझ्याजवळ होता. मी विचारलं, बाळा, परीक्षा टाकून मध्येच कसा आलास? तर म्हणाला, आई, मित्राचं काम होतं, तो फार आजारी आहे, म्हणून मी आलो. नाव नाही सांगितलं. मी त्या पोरासाठीही तेव्हापासून देवळात मेणबत्ती लावतेय. म्हटलं, माझा तर गेला, निदान त्याच्या आईला तरी हे बघायला लागू नये.

मग म्हणाली, तुला माहीत असेल ना रे. तो मुलगा बरा झाला का?

सगळं सांगायचं असं ठरवलं होतं. आतापर्यंतचा हा सर्वांत पक्का संकल्प होता. तोंड उघडलं.

म्हणालो, हो मावशी. बरा झाला.

तिने छातीवर क्रुसाची खूण केली. म्हणाली, चला. एक तरी पोर वाचलं.

आणि पुढचा शर्ट उचलला.

१४ सप्टेंबर

मावशीला गाडीत बसवून दिलं. ट्रंक वर ठेवली. मार्चमध्ये वर्षश्राद्ध आहे, येशील ना, म्हणाली. म्हणालो, नक्की. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, नाही जमलं तरी चालेल हं, अभ्यास कर.

१५ सप्टेंबर

सिन्योराने विचारलं, दुसरी खाट आता कुणाला देऊ का? म्हणालो, थोडं थांबा, कुणीतरी येईल.

कोण, तिने विचारलं.

मी त्या खाटेवरची चादर पुन्हा घडी घातली, त्याच्यासारखी जमली नाही.