हिरवी गल्ली

१४ मे, ऑफिसातून

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींनी दिलेला पंखा अगदी त्यांच्यावर गेलाय, आवाज जास्त, वारा कमी.

इथे मान वर करायला फुरसत नाही. देशभर पुराचा धोका मोजायची एकच पद्धत आली. तुमच्याकडे माणसं विचारून गेली ना, ती उत्तरं माझ्याच टेबलावर येतात. त्यावरून नकाशात रंग भरायचे. लाल गल्लीला भोंगा, होडी, वेळेवर निरोप. हिरव्या गल्लीला काहीच नाही.

तुमची गल्ली हिरवी आलीय.

घरात कधी पाणी शिरलं होतं का, या प्रश्नाला अख्ख्या गल्लीनं "नाही" सांगितलं. तूसुद्धा. मला कळतं गं. लाल रंग लागला की घराला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि घर विकल्याशिवाय तुझ्या चिमणीला पुढे शिकवता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं भावोजीच म्हणाले असतील.

पण त्या पुराच्या रात्री ते पाणी मी फोनवर ऐकलंय. चिमणीला कपाटावर बसवून तू म्हणालीस, "बोलत राहा, फोन ठेवू नकोस." आणि फोनच बंद पडला. सकाळपर्यंत मी धरून चालले होते की तुम्ही गेलात. तुम्ही भिंतीला रंग देऊन मोकळे झालात. मी अजून जोरात नळ सुटला तरी धावत जाऊन तो बंद करते. यंदा वरच्या धरणाचं पाणी एकदम सोडावं लागेल, असं इथे सगळे दबक्या आवाजात बोलतात. मला जेवण जात नाही.

बघ, लिहायचं ते सोडून भलतंच लिहितेय.

काल मी साहेबांना सांगितलं, "ते माझ्या सख्ख्या बहिणीचं घर आहे. पाणी खिडकीपर्यंत होतं." ते म्हणाले, "बाई, बहीण तोंड बघेल का तुमचं?" मी लेखी दिलं. सोमवारी तुमची गल्ली लाल होईल.

म्हणजे घर आता विकलं जात नाही. चिमणीचं काय, मला माहीत नाही. गल्लीनं विचारलं तर सरळ माझं नाव सांग, खुशाल खडे फोडू देत. तूही फोड.

फक्त भोंगा वाजला तर माझ्यावरच्या रागापायी घरात बसून राहू नकोस. पोरीला घेऊन निघ. मग जन्मभर बोलू नकोस.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
धाकटी