आधी रिकामं फिरवा

९ जानेवारी

गेला! पाऊण तास डोकं खाऊन गेला.

चांगला शिकलेला, चाळिशीचा माणूस. ड्रिल मशीन बघायचंय म्हणाला. तीन काढून दाखवली. नेहमीसारखं प्रत्येक मशीन प्लगला लावून आधी रिकामं फिरवलं. म्हटलं, कान द्या. आवाज एकसारखा हवा, मध्ये खरखर नको. मग काउंटरवरच्या विटेला भोक पाडायला दिलं. हौसेने पाडलं. आणि मग साहेबांनी खिशातून मोबाईल काढून खोक्याचा फोटो घेतला. "काका, हेच इथे स्वस्त पडतंय." वर मलाच दाखवतो!

"मग इथे कशाला आलात?"

"हातात घेऊन बघायचं होतं."

म्हणजे चव इथे घ्यायची आणि जेवायला तिथे बसायचं. त्या विटेची चाळणी झालीय, आणि त्यातली निम्मी भोकं असल्या फुकट्यांची आहेत.

१० जानेवारी

बोहनीसुद्धा नाही. शेजारचा चष्मेवाला येऊन बसला. त्याच्याकडेही तेच — लोक फ्रेम घालून आरशात बघतात, फोटो काढतात, जातात. दोघांनी मिळून जगाला शिव्या घातल्या. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

१३ जानेवारी

सुट्टी. दुकान बंद असलं की घर अंगावर येतं. ही गेल्यापासून एका माणसाचा स्वयंपाक काही जमत नाही — एक तर उरतो नाहीतर करपतो. आज दोन्ही!

लेकीचा फोन नाही. मीही केलेला नाही. काय झालं ते एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यात घोळायचं थांबेल. गेल्या उन्हाळ्यात आली होती. म्हणाली, "बाबा, दुकान बंद करा नि माझ्याकडे या. नाहीतर निदान माल ऑनलाइन तरी विका. इथे एकटे माश्या मारत बसता." माश्या मारत! उभं आयुष्य काढलं मी त्या दुकानात. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "तुम्हाला सगळंच ऑनलाइन लागतं ना? मग बापही ऑनलाइनच मागव!"

तिने बॅग भरली, चपला घातल्या. मी दारापर्यंतसुद्धा गेलो नाही. तेव्हापासून तिचाही फोन नाही, माझाही नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आमच्या घरात पीळ वारशाने मिळतो.

आठवण येते. रोज येते.

१७ जानेवारी

ते ऑनलाइन दुकान मोबाईलवर उघडून बघितलं. शत्रूचं घर बघायला काय हरकत आहे? मशीनचा फोटो, किंमत, आणि खाली लोकांचे प्रश्न. उत्तरं देणारेही लोकच! आंधळा विचारतो, आंधळाच वाट दाखवतो.

ग्राइंडरखाली एकाने विचारलंय — चाकावरचा संरक्षक गार्ड काढून लाकूड कापायचं पातं बसवता येईल का? आणि कुणा दीडशहाण्याचं उत्तर — हो, आरामात, मी बसवलंय.

आरामात! माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे ते असंच आरामात गेलं. उमेदवारी करत होतो तेव्हा. नको म्हणणारं कोणी नव्हतं शेजारी. लगेच लिहायला गेलो की बाबांनो, गार्ड काढू नका, हात जाईल — तर ते म्हणतं, उत्तर फक्त ग्राहकांनाच देता येईल.

मी! यांचा ग्राहक!

१८ जानेवारी

झालो. सगळ्यांत स्वस्त काय ते शोधलं — ड्रिलच्या बिटांचा एक संच. मागवला. चष्मेवाला बघत होता. म्हणाला, "लोहाराने विळी विकत आणली म्हणायची!" हसून हसून त्याला ठसका लागला.

२२ जानेवारी

पार्सल दुकानावरच मागवलं होतं. पार्सलवाली आली, पाटी वाचली, मागच्या फडताळात रचलेल्या बिटांकडे बघितलं, मग हातातल्या पुड्याकडे. "काका, पत्ता बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. द्या इकडे."

काय वाटलं असेल तिला! मी पाणी विचारलं. घाईत होती, तरी प्यायली. चष्मेवाला सोडला तर आठवड्यातलं दुकानात आलेलं पहिलं माणूस, आणि तेसुद्धा मला माल द्यायला.

संध्याकाळी त्या ग्राइंडरखाली उत्तर लिहिलं. नाव काय देऊ विचारत होतं. 'जुना दुकानदार' असं दिलं. "गार्ड काढायचा नाही म्हणजे नाही. लाकडाचं पातं यात बसवायचं नाही. माझं अर्धं बोट साक्षीला आहे. आणि कुठलंही मशीन हातात आलं की आधी रिकामं फिरवा, कान द्या, मगच कामाला लावा."

बरं वाटलं. फार दिवसांनी कुणाला तरी रागावलो.

२९ जानेवारी

व्यसन लागलंय! दुपारभर उत्तरं लिहितो. मोटरमधला कार्बन ब्रश झिजला की ठिणग्या दिसतात, मशीन टाकून देऊ नका, ब्रश बदला. बिट आवळायची चावी ड्रिलमध्येच ठेवून बटण दाबू नका, गोळीसारखी सुटते. लोक आभार मानतात. शत्रूच्या दुकानात फुकट नोकरी धरलीय मी. पण तिथे गिऱ्हाईक तरी आहे.

४ फेब्रुवारी

'नवं घर' असं नाव घेतलेला एक जण मी उत्तर देईन तिथे येऊन विचारतो. आज म्हणे — "भिंतीत बिट जातच नाही, नुसती धूळ येते. मशीन खराब आहे का?"

काय हे! लिहिलं — "मशीन ठणठणीत आहे, चालवणारा कच्चा आहे. बटण हातोडीच्या चित्राकडे फिरवा. आणि बिट भिंतीचं लावा, लाकडाचं नव्हे."

लगेच उत्तर — "जमलं!"

नवीन संसार मांडलेला कोणी पोरगा असावा. याच्या बापाने याला साधं बटणसुद्धा शिकवलेलं दिसत नाही. मी त्याचं नाव नव्या ठेवलंय.

७ फेब्रुवारी

एक बाई ऑनलाइन घेतलेलं मशीन दुरुस्तीला घेऊन आल्या. जिथून आणलं तिथे न्या, असं तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, यांनी कदाचित माझंच एखादं उत्तर वाचलं असेल. ब्रश बदलून दिला. मशीन वाईट नव्हतं. कुणी चालवून बघितलं नव्हतं, कुणी काही सांगितलं नव्हतं, एवढंच. खोक्यात बंद आलं आणि मुकाट्याने वापरलं गेलं.

१२ फेब्रुवारी

लेकीचा वाढदिवस. नंबर काढला. बघत बसलो. ठेवून दिला. मोठ्याने आधी का वाकायचं? — असं मनात म्हटलं, आणि माझाच मला राग आला.

नव्याने आज प्रश्नच विचारला नाही. नुसतं लिहिलं — "आज दुकान चालू आहे का?"

"चालू आहे. माश्या मारतोय," असं लिहिलं. त्याने हसरा चेहरा पाठवला. किती एकटं वाटत असेल त्याला — अनोळखी दुकानदाराची चौकशी करतो! आजच्या दिवसात मी बोललो तो तेवढ्याच माणसाशी.

२० फेब्रुवारी

नव्या विचारतो — "रिकामं फिरवून कान द्या म्हणता, पण चांगला आवाज कसा असतो? वाचून कळत नाही."

आता आवाज कसा लिहायचा? घर्रर्र लिहिलं, खोडलं. घुंऽऽ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी फडताळातलं एक मशीन काढून लावलं आणि एकटाच ऐकत उभा राहिलो. चष्मेवाला धावत आला. "गिऱ्हाईक आलंय का रे?"

"नाही रे. आवाज लिहितोय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की आता हा गेला कामातून! मग बसला. हळूच म्हणाला, "लेकीला फोन कर रे बाबा." मी मशीन पुन्हा चालू केलं, म्हणजे त्याचं बोलणं ऐकू यायला नको.

ही असताना नवीन माल आला की लेक काउंटरवर चढून बसायची. सहा-सात वर्षांची असेल. मी मशीन फिरवायचो, ती डोळे मिटून निकाल द्यायची — "हे पास! हे नापास!" कंपनीचा माणूस कौतुकाने बघत राहायचा. एकदा तिने नापास केलेलं मशीन खरंच खराब निघालं होतं.

नव्याला शेवटी लिहिलं — "ऐकवता आलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. लिहून येत नाही. माफ करा."

३ मार्च

दहा-बारा दिवस नव्याचा पत्ता नाही. सारखा मोबाईल उघडून बघतोय. मशीन जमलं असेल, आता कशाला विचारेल? काम झालं की मला कोण पुसतो! गिऱ्हाईकच ते.

दुसऱ्या कुणाला तरी उत्तर लिहिलं. मन लागलं नाही.

८ मार्च

आला! आणि या वेळी फार मोलाचं काम घेऊन आला — "घरात एक वयस्कर माणूस राहायला येईल. त्यांना धरायला बाथरूममध्ये दांडा बसवायचा आहे. टाइल फुटेल का? की माणूस बोलवू?"

लिहिलं — "माणूस कशाला? स्वतः बसवा. टाइलवर चिकटपट्टी लावून खूण करा. हातोडी बंद. हळू. टाइल पार झाली की मगच हातोडी चालू करा. नळाचा पाइप कुठून जातो ते आधी बघा."

म्हणजे म्हातारा बाप येणार असेल याचा. उगाच बोललो मी त्या बापाला. नशीबवान म्हातारा! त्याच्यासाठी कुणीतरी टाइलला भोक पाडायला शिकतंय. मी परवा मोरीत घसरलो तर नळाला धरून उभा राहिलो, आणि ही गोष्ट सांगायला या वहीशिवाय कोणी नाही. असूया वाटली. हो, वाटली! पासष्टी उलटलेल्या माणसाने एका अनोळखी म्हाताऱ्याचा हेवा करावा!

९ मार्च

रात्री आठवलं, सर्वांत महत्त्वाचं विचारायचंच राहिलं. दुकानात असतो तर पहिलं तेच विचारलं असतं. सकाळी शटर उघडल्या उघडल्या लिहिलं — "थांबा, दांडा बसवायची घाई करू नका. म्हातारा कुठल्या हाताने धरतो? ज्या हातात जोर, त्या बाजूला दांडा. हे मोबाईलवर दिसत नाही, माणसाला विचारावं लागतं."

दिवसभर उत्तर नाही.

१० मार्च

उत्तर आलंय. जसंच्या तसं उतरवतो —

"डाव्या हाताने धरतात. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे. मागे एकदा चिडून म्हणाले होते, बापही ऑनलाइनच मागव. पहिलं उत्तर वाचलं त्याच दिवशी मागवला. दांडा डावीकडेच बसवलाय, खोली तयार आहे. घरपोच कधी येणार?"

दुकानात वाढलेली पोर! तिला हातोडीचं बटण माहीत नव्हतं म्हणे!

खाली 'उत्तर द्या' असं होतं. नाही दिलं. फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला. हॅलो नाही, बाबा नाही, काही नाही — तिकडे मशीन चालू करून फोन त्याच्याजवळ धरला. रिकामं फिरत होतं.

मी शेवटपर्यंत ऐकलं. म्हटलं, "पास."