गालातली गोळी

३ जानेवारी
मी अन् आबा बीडला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, मान झटकते याला टिक म्हणतात, पोरगी मुद्दाम करत नाही. तेच मी वर्षभर सांगतेय! व्हिटॅमिन बी सिक्स आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्या. कुणाला फरक पडतो, कुणाला नाही, म्हणाले. बऱ्याच पोरांचं वाढत्या वयात आपोआप कमी होतं. रागवू नका.
पण २६ जानेवारीचं भाषण? शाळेत माझं नाव लागलंय. आत्या, आबांची थोरली बहीण, आमच्यातच राहते, घरात तिचंच चालतं. तिचा हुकूम — "मान थांबली तर बोल. न्हाईतर लोक हसतेत."

५ जानेवारी
आबा मला गोळी कशी देतात? शेळीला देतात तशीच. गुळाच्या खड्यात दाबायची, तोंडात सारायची, हनुवटी वर धरून गळ्यावरून बोट फिरवायचं. मी माणूस आहे हो!
गोळीला असला वास येतो की दिवसभर ढेकर. मग मीही शेळीचंच केलं. गूळ गिळला, गोळी गालात. गोठ्यात जाऊन थुंकली. बोकडाने चाटून खाल्ली. त्याची मान काही झटकत नाही, तरी खाल्ली.

१५ जानेवारी
मान थांबली! आपोआपच. आत्याने वडवणीच्या बाजारात सांगून टाकलं, "गोळी लागू पडली धनश्रीला." बोकड मात्र लई तरतरीत दिसतोय. मला हसू आवरेना.

२२ जानेवारी
परत सुरू. सकाळपासून झटक्यावर झटका. भाषण पाठ करायला घेतलं की जास्तच. आत्या म्हणते, दोन-दोन गोळ्या द्या, अन् शाळेत जाऊन भाषणातून नाव कमी करा. मी लई रडले. आता हसू बिसू काही नाही.

२५ जानेवारी
आज थुंकून वळले तर दारात आबा. मी गारच.
ते म्हणाले, "शेळ्या वळण्यात जन्म गेला माझा. गोळी गालात धरलेली मला कळत न्हाई व्हय?"
"मग बोलला कावून न्हाई?"
"गोळी चालू हाय म्हणलं की आक्का गप बसती." मग म्हणाले, "उद्या बोल तू. झटकली मान तर झटकू दे. आक्काला मी बघतो."
बघतो म्हणाले! आत्यापुढे आबांचा आवाज कधी ऐकला नाही मी.

२६ जानेवारी
भाषण झालं. मान झटकलीच, मागची पोरं हसलीच. मी शेवटपर्यंत बोलले.
आत्या आली नव्हती. घरी चुलीपाशी डोळे पुसत बसली होती. म्हणाली, "तुझ्या बापाचीबी मान अशीच झटकायची गं. पोरं हसली, अन् चौथीतच शाळा सोडून शेळ्यांमागं गेला त्यो."