मेम्फिसच्या धक्क्यावरून

मेम्फिस, जून १८४९

तीर्थरूप सासूबाईंना लिझबेटचा मनापासून नमस्कार.

आम्ही दोघंही सुखरूप आहोत. आमची आगबोट इथे लाकडं भरायला थांबली आहे. शेजारची बोट लगेच सुटतेय, म्हणून हे पत्र सेंट लुईसला आमच्याआधी पोचेल. तुमचा गुडघा कसा आहे?

कॉनराडचं पोट जरा बिघडलं होतं. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. बोटीवर पटकीची साथ आहे, आणि आजारी दिसेल त्याला कप्तान काठावरच्या रानात उतरवून पुढे निघतो. काल बोटीचा मुकादम आम्हा उतारूंना तपासायला आला, तेव्हा कॉनराडला धड बसवतही नव्हतं. शेजारच्या आयरिश ऑनोराबाईंनी त्याला पिंपाला टेकवलं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि अंगावर व्हिस्की शिंपडली.

"याला काय झालंय?" मुकादमाने विचारलं.

"दारू झालीय! उतरवताय? मग माझाही नवरा न्या, तोही तसलाच आहे!" बाई कडाडल्या.

सगळे हसले. मुकादमही हसत पुढे गेला.

आज चमच्याने पाजलेलं पाणी त्याच्या पोटात टिकतंय. तरी धक्क्यावर येताना थोरल्या भावजींना आणा, त्याला उचलून उतरवावं लागेल.

हे लिहितानाही मी सारखी त्याच्या नाकाशी हात धरून बघतेय. आत्ताच तो खेकसला, "मेलो नाहीये अजून, झोपू दे की!" आई, त्याचं खेकसणं मला इतकं गोड कधीच वाटलं नव्हतं.

तुमच्या वाटेकडे डोळे लावलेली,
लिझबेट