पडवीतली खाट

ता. ४ सप्टेंबर
कंबर मोडली. सकाळी सरकीच्या बियाण्याच्या प्लॉटवर नराची फुलं मादीवर फिरवली, सांच्याला उद्याच्या कळ्या सोलून आतला नर काढला. नातीच्या वहीत लिव्हून राह्यले, पुढची पानं गणिताची. चार बुकं शिकले, तेवढ्यावर भागतं.
दुपारी भाकरी खाऊन कौसानं मोबाईल काढला. वीस सालं एका ओळीत काम करतो. नवरा गेला तिचा, तोंड फटकळ. म्हणे, "सखू, मोठ्या मानसाचा पिच्चर हाय. पर इस्टोरी हाय, निस्ता उघडा कारभार न्हाई." मी तोंडावर पदर घेतला. पदर जुना, इरलेला. समदं दिसतं.

ता. ५
पिच्चरमधी शिलाईवाली बाई अन् तिचा नवरा. लगनाला बारा वर्सं. मला वाटलं, कपडे निघले का बोलणं बंद. तर न्हाई! नवरा मधीच थांबला अन् इचारलं, बरं वाटतं का तुला, कसं पायजे?
म्हणले, "कौसा, मागं घे. परत लाव."
कौसा म्हणे, "म्हातारी चावट झाली ग बाई!"
मला ते इचारणं ऐकायचं व्हतं. चारदा लावलं. मंग चार्जिंग गेलं.

ता. ७
आज पाय सुजले. कामात मन न्हाई. दिसभर मुकादमासमोर वरडतो, ही नराची ओळ, ती मादीची. जराशी लाज न्हाई. अन् आपल्या अंगाचं? बेचाळीस सालं, तीन लेकरं, दिवा इझवून, तोंड झाकून. मला कसं वाटतं हे घरच्या मालकांनी कधी इचारलं न्हाई. इचारलं असतं तरी काय सांगितलं असतं? मलाच म्हाईत न्हाई. माय म्हणायची, बाईनं गुमान पडावं. माय बी तशीच गेली. लय थकवा आला ह्या इच्याराचा, कामाचा तेवढा येत न्हाई.

ता. ८
पिच्चर संपला. शिलाईवाली शेवटाला हासती, दिवा चालूच. मी रडले येड्यावानी. "असल्या पिच्चरला कोणी रडतं का?" कौसा म्हणे. मंग मोबाईल कमरंला खोचत तीच म्हणली, "माहा व्हता तवा असलं कुठं ठावं व्हतं." दोघी उठलो, कळ्या सोलायच्या व्हत्या.

ता. ११
आमच्यात सून घरात आली का सासू-सासऱ्याच्या खाटा अलग. कोणी सांगत न्हाई, आपणच करायचं. मालकांची खाट नऊ सालं पडवीत, बकऱ्यांपाशी.
आज धीर केला. "अवो, खाट आत घ्या."
"कुठं दुखून राह्यलं?"
न्हाई म्हणले तर माह्या कपाळाला हात लावून पाह्यला अन् लेकाला हाक मारली! लेकानं फटफटीवर बसवून बदनापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे, बीपी बिलकुल बराबर. घरी आल्यावर सून गालात हासून राह्यली. तिला कळलं वाटतं. मेले मी लाजंनं.

ता. १४
तीन दिस मालकांशी बोलले न्हाई. त्यांना पत्ता बी न्हाई.
भांडी घासता घासता सून म्हणली, "आत्याबाई, उद्या आम्ही समदे जालन्याला माह्या मायकडं जातो. सांच्याला येऊ. तुमी प्लॉटवर जाऊ नका." वर पाह्यलंच न्हाई तिनं. गुणाची पोर. देवा, कोणाला सांगू!

ता. १५, दुपार
न्हाले. मालकांना आत बोलावलं, कडी लावली. ते माह्या खाटंवर बसले, पाव्हण्यावानी, कडंला.
"आता ह्या वयात?" मालक म्हणले.
"ह्याच वयात. आजपस्तोर येळ कुठं व्हता? पर आधी इचारा मला, मला कसं बरं वाटतं."
त्यांनी खाटंची सुतळी चाचपली. मंग हळूच मालक म्हणले, "मला तरी कोणी इचारलं व्हतं का?"
खरंच की. बेचाळीस सालं मी तरी कुठं...
मी म्हणले, "मंग आधी तुमीच सांगा."
दाढी खाजवली. "थांब. इच्यार करू दे."
अजून बसलेत. गाडीचा आवाज यायला लय टाइम हाय. मी वही घेतली, म्हंजी त्यांना माह्या नजरंचा धाक नको. एकदा तोंड उघडलं व्हतं, परत मिटलं. कान लाल झालेत म्हाताऱ्याचे.