पाठ असलेली पोथी

बाबा, तुमच्या पायांवर निकांद्रोसचं डोकं.

मठात माझं बरं चाललंय. मसूर आणि ऑलिव्ह पोटभर मिळतात. चर्चमध्ये वाचायच्या शुभवर्तमानाची पोथी उतरवून काढतोय, ईस्टरपासून नाताळापर्यंत आलो.

काल एव्लोगिओस गुरुजींनी धरलं. "समोरच्या पोथीत न बघता लिहितोस? पाठ आहे म्हणून शेफारलास?" तुम्ही गावच्या चर्चमध्ये वाचायचात, ते ऐकून ऐकून मला पाठच झालंय. म्हटलं, बघायचा कंटाळा केला. शिक्षेची लोटांगणं घातली, विषय मिटला.

आईचा गुडघा कसा आहे? अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, कसिआनीताईला तुम्हाला वाचून दाखवायला सोपं जावं.

ताई, पुढचं आई विहिरीवर गेली की वाच.

बाबा, तुमची नजर जायला लागली तेव्हा आधी काय पुसट झालं, जवळचं की लांबचं?

तुमचा निकांद्रोस